चार इसा न् सात

आमच्या गावात ‘फ्रेंच’ म्हणजे दाढीचा एक प्रकार. कोलाड नाक्यावरच्या सलूनमध्ये खुर्चीत बसलं की विचारायचे, “साधी की फ्रेंच?” एवढ्यापुरताच तो शब्द आमच्यात वावरायचा. त्यामुळे पुण्याला मराठी घेऊन एम.ए. करणाऱ्या मी सुट्टीत घरी येऊन ‘आता फ्रेंच शिकतोय’ असं जाहीर केलं, तेव्हा आजीने आधी माझ्या हनुवटीकडे पाहिलं.

गाव म्हणजे खांब. रोहा तालुक्यातलं, मुंबई-गोवा महामार्गावरचं. नागोठणं मागे पडतं, सुकेळीची खिंड उतरते आणि खांब येतं. कोकणात जाणाऱ्या लाखो लोकांनी आमचं गाव पाहिलेलं आहे, पण गाडीच्या काचेतून. पुढे कोलाडला डावीकडे वळलं की ताम्हिणी घाटाने पुणं. त्या घाटातून एसटीने जाताना मी पहिल्यांदा खिशातली चिठ्ठी काढून शब्द पाठ केले : अँ, द, त्र्वा, कात्र. शेजारच्या माणसाने थोडा वेळ ऐकलं आणि सहानुभूतीने विचारलं, “गाडी लागते का?”

फ्रेंचकडे मी वळलो ते एका पुस्तकामुळे. वर्गात सरांनी ज्यूल ब्लॉक हे नाव घेतलं. मराठी भाषा कशी घडली याचा पहिला मोठा शास्त्रीय ग्रंथ या फ्रेंच माणसाने लिहिला, तोही फ्रेंचमध्ये. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे तो तयार झाला आणि पॅरिसला छापला गेला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी त्याचा मराठी अनुवाद केला, ‘मराठी भाषेचा विकास’, तो १९४१ साली आला. अनुवाद हाताशी असताना मूळ कशाला, हा शहाणा प्रश्न मला पडला नाही. माझ्या भाषेची कुंडली पॅरिसमध्ये मांडली गेली आणि ती मला वाचता येत नाही, एवढंच डोक्यात बसलं. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या दगडी इमारतीत विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग आहे, तिथे जाऊन प्राथमिक वर्गाचा फॉर्म भरला. विद्यापीठाच्या नावात तेव्हा सावित्रीबाई फुले यांचं नाव यायचं होतं. ‘यापूर्वी ही भाषा शिकला आहात का?’ या रकान्यात मी मोठ्या अक्षरात ‘नाही’ लिहिलं. माझ्या आयुष्यात इतक्या खात्रीने भरलेला दुसरा रकाना नाही.

वर्गात कोणी कॅनडाला जायच्या तयारीत होतं, कोणी हॉटेलच्या धंद्यात, कोणी आयटी कंपनीत. मराठी माध्यमातून आलेले आम्ही दोघे-तिघे. आमची समजूत अशी, की फ्रेंचच्या घरात जायचं तर इंग्रजीच्या अंगणातून जावं लागतं. ज्याचं इंग्रजी पक्कं त्याचं फ्रेंच सोपं. पहिले दोन आठवडे मी त्या समजुतीखाली मान घालून मागच्या बाकावर बसलो.

शिकवणाऱ्या बाईंना आम्ही ‘मॅडम’ म्हणायचो. त्यांनी पहिल्याच तासाला सांगितलं, की तुम्ही सगळे आत्ताच फ्रेंच बोललात. मॅडम म्हणजे मूळचं ‘मा दाम’, माझी बाई. गावच्या शाळेत ‘बाई’ म्हणणं गावंढळ आणि ‘मॅडम’ म्हणणं सुधारलेलं, असं आम्ही लहानपणी ठरवून टाकलं होतं. अर्थ एकच निघाला.

मग ओळख करून द्यायची होती. माझं नाव अमुक, मी अमुक गावचा. मी उभा राहून म्हटलं, मी खांबचा. मॅडमनी तो शब्द फळ्यावर लिहिला आणि फ्रेंच माणूस तो कसा म्हणेल ते म्हणून दाखवलं. फ्रेंचमध्ये ख नाही, घ नाही, ठ नाही. तिकडे हकाराला बोलायची परवानगीच नाही. ‘खांब’चं झालं ‘काँब’. शेवटी सगळे माझ्या गावाला ‘जाँब’ म्हणायला लागले, कारण तो शब्द नुकताच शिकवून झाला होता. जाँब म्हणजे पाय, तंगडी. पुढचं वर्षभर मी तंगडी गावचा रहिवासी होतो.

आपल्या भाषेत एम.ए.ला असलेला माणूस दुसऱ्या भाषेत तीन वर्षांचा होतो, हा अनुभव एकदा तरी घ्यावा. सकाळी मी ज्ञानेश्वरीतल्या शब्दरूपांवर टिपण लिहायचो आणि संध्याकाळी ‘मांजर टेबलाखाली आहे’ हे वाक्य धापा टाकत जुळवायचो. मला जे म्हणायचं असे ते म्हणता येत नसे, म्हणून जे म्हणता येई तेच मला वाटतं असं मी ठरवून टाकायचो. मला भाऊ नाही, पण ‘बहीण’ या शब्दापेक्षा ‘भाऊ’चा उच्चार जमत होता म्हणून कित्येक आठवडे मला एक भाऊ होता. तो पॅरिसमध्ये राहायचा आणि त्याला सफरचंद आवडायचं.

तोंडालाही नव्याने वळण लावावं लागलं. आपला ‘तू’ आणि त्यांचा ‘तु’ हे एकाच घराण्यातले, हजारो वर्षांपूर्वी वेगळे निघालेले भाऊ. पण त्यांचा ‘तु’ म्हणायचा तर ओठ शीळ घालायला करतात तसे करायचे आणि आतून म्हणायचं ‘ई’. हे मी खोलीवर आरशासमोर करायचो. र काढायचा तो घशातून, रात्रीचा खोकला काढावा तसा. आणि नाकातले स्वर. शाळेत ‘नाकात बोलू नकोस’ म्हणून ओरडा खाल्लेल्या कोकणातल्या पोराला इथे नाकात बोलण्याचे गुण मिळत होते. आजोबांच्या जुन्या कागदांत ‘घरांत’, ‘केलें’, ‘त्यानें’ असे अनुस्वार पेरलेले असायचे. मराठीने १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांत त्या न बोलल्या जाणाऱ्या टिंबांना निरोप दिला. फ्रेंचांनी मात्र शतकानुशतकं मुकी झालेली अक्षरं शब्दांच्या शेवटी जपून ठेवली आहेत. वाड्यात कोणी राहत नसलं तरी रोज दिवा लावतात, तशी ती लिहिली जातात.

माझं मागचं बाक सुटलं ते लिंगामुळे. फ्रेंचमध्ये प्रत्येक नाम पुल्लिंगी किंवा स्त्रीलिंगी. टेबल स्त्रीलिंगी. इंग्रजी शाळेत शिकलेली एक मुलगी वैतागून म्हणाली, “पण टेबल बाई का? काही लॉजिक?” मला प्रश्नच कळेना. पलंग तो, खुर्ची ती, टेबल ते. भाकरी ती आणि भात तो. याला लॉजिक लागतं हे मला पंचविशीपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे तर तीन लिंगं. एक कमी झालं म्हणून मी मनातून त्यांचे आभार मानले.

फक्त चंद्रापाशी अडलो. फ्रेंचमध्ये सूर्य पुल्लिंगी आणि चंद्र स्त्रीलिंगी, ‘ला ल्युन’. जन्मभर ज्याला मामा म्हटलं तो तिकडे मावशी निघाला. पाऊसही ती, समुद्रही ती. आमच्या भागात पाऊस चार महिने असा पडतो, की त्याला स्त्रीलिंगी म्हणायला जीभ वळत नाही. मी वहीत ‘ती पाऊस’ असं लिहून दोनदा अधोरेखित केलं.

‘तू’ आणि ‘तुम्ही’चंही तसंच. इंग्रजीतून आलेल्यांना कुणाला ‘तु’ म्हणायचं आणि कुणाला ‘व्हू’ याचा तक्ता पाठ करावा लागत होता. आम्हाला तो आईच्या दुधातून मिळालेला. वडिलांना तुम्ही, आजीला तू, मास्तरांना तुम्ही, विठोबाला तू. मॅडम म्हणाल्या, की फ्रान्समधले कॅथलिक लोक आपल्या रोजच्या प्रार्थनेत देवाला ‘तुम्ही’ म्हणत. १९६६ साली प्रार्थनेचा पाठ बदलला, तेव्हापासून ‘तू’ म्हणतात. मराठी माणसाने देवाशी हा सलगीचा व्यवहार सातशे वर्षांपूर्वीच उरकून घेतला होता.

आणि मग आकड्यांचा धडा आला.

मराठी आकडे ही आपण सहन केलेली गोष्ट आहे, हे आपल्याला आठवत नाही. शंभरपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक आकडा वेगळा पाठ करायचा. एकोणीस म्हणजे विसाला एक उणा, पण नव्याण्णवला उणं नाही. सत्तावन, सदुसष्ट, सत्त्याहत्तर, सत्त्याऐंशी. सात एकच, पण प्रत्येक वेळी वेगळा सदरा घालून येतो. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन सुचवलं, तेव्हा केवढा गहजब झाला. विधिमंडळापर्यंत विनोद गेले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या, की जोडाक्षरांनी अडणाऱ्या मुलांना याने सोपं जाईल. त्या गदारोळात मला फ्रेंचचा वर्ग आठवत होता, कारण फ्रेंच माणूस एकवीसला ‘वीस आणि एक’ असंच म्हणतो.

पण ही शिस्त एकोणसत्तरपर्यंतच. सत्तर आलं आणि मॅडमनी फळ्यावर लिहिलं : स्वासाँत-दिस. साठ-दहा. एकाहत्तर म्हणजे साठ आणि अकरा. सत्त्याहत्तर म्हणजे साठ-सतरा. वर्गात चुळबूळ सुरू झाली. मग ऐंशी आलं : कात्र-व्हँ. कात्र म्हणजे चार, व्हँ म्हणजे वीस. चार वीस. सत्त्याऐंशी म्हणजे चार-वीस-सात. नव्याण्णव म्हणजे चार-वीस-दहा-नऊ. “हे काय गणित आहे का भाषा?” कॅनडावाला म्हणाला आणि सगळे हसले.

मी हसलो नाही. माझ्या कानात आमचं अंगण आलं होतं.

उन्हाळ्यात आजी तांदळाचे पापड करायची. जुन्या लुगड्यावर पापड वाळत पडलेले, कडेला काठी घेऊन कावळे हाकायला मी. संध्याकाळी ती पापड पत्र्याच्या डब्यात भरायची आणि भरताना मोजायची. हाताला वीस लागले की एक चिंचोका बाजूला. ‘एक इसा. दोन इसा.’ इसा म्हणजे विसा, विसांचा गठ्ठा. शेवटी चार चिंचोके आणि वर सात पापड उरले की ती डब्याला झाकण लावत म्हणायची, “चार इसा न् सात.” सत्तर असेल तर ‘तीन इसा न् धा’. तिला सत्त्याऐंशी हा शब्द येत नव्हता आणि त्यावाचून तिचं काही अडतही नव्हतं. आवणाच्या मुठी, गोवऱ्या, दुकानदाराची उधारी, माणसाचं वय, सगळं इसांनी मोजलं जायचं.

मी तिसरीत असताना वर्गात सत्त्याऐंशी वाचायला सांगितलं, आणि मी म्हणालो, चार इसा न् सात. सगळा वर्ग हसला. अंगठे धरून उभं राहावं लागलं. घरी येऊन मी आजीला बजावलं, “असं बोलायचं नसतं. ते अशुद्ध आहे.” ती काही बोलली नाही. पण त्यानंतर मी जवळ असलो की ती मनात मोजायची. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही.

आणि आता पुण्यात, फी भरून, मी एका दगडी इमारतीत बसून तेच शिकत होतो. फळ्यावर खडूने आजीचा डबा लिहिलेला होता. फरक इतकाच, की याला व्याकरण म्हणत होते.

पुढे मी या ‘चार वीस’च्या मागे लागलो. पॅरिसमध्ये एक जुनं रुग्णालय आहे, नाव ‘कँझ-व्हँ’, पंधरा-वीस. तेराव्या शतकात नवव्या लुईने तीनशे अंधांसाठी ते उभं केलं. तीनशे म्हणजे पंधरा इसा. मोलिएरच्या ‘लाव्हार’ नाटकात लग्न जुळवणारी बाई कंजूष म्हाताऱ्याची खुशामत करताना त्याला शंभरीच्या पलीकडचं, सहा विसांहूनही जास्त आयुष्य देऊ करते. त्या काळी एकशेवीसला ‘सि-व्हँ’ म्हणत. याच नाटकावरून अत्र्यांनी ‘कवडीचुंबक’ लिहिलं. आजीला विचारलं असतं तर तिनेही ‘सा इसा’च म्हटलं असतं. शेजारच्या बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये मात्र सत्तरला सरळ ‘सेप्ताँत’ आणि नव्वदला ‘नोनाँत’ म्हणतात. गणिताने पाहिलं तर तेच सोपं. पण पॅरिसच्या कानाला ते शब्द गावाकडचे वाटतात. इकडे ‘इसा’ गावंढळ आणि तिकडे ‘इसा’ न म्हणणारा गावंढळ.

फ्रान्सनेही आपल्या खेड्यांतल्या बोलींना प्रेमाची वागणूक दिलेली नाही. क्रांतीनंतर, १७९४ साली, आबे ग्रेग्वार यांनी देशातल्या बोली नाहीशा कशा करायच्या यावर अहवालच मांडला. पुढे ब्रेतान्यमध्ये शाळेत ब्रेताँ बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा किंवा तसलंच काही अडकवायचे. त्याने दुसऱ्या कुणाला ब्रेताँ बोलताना पकडलं की ते त्या दुसऱ्याच्या गळ्यात जायचं. हे वाचलं त्या दिवशी मला माझे अंगठे आठवले. भाषेची शुद्धता शब्दात नसते. राजधानी कुठे आहे यावर ती ठरते. खांब राजधानी असतं, तर दुसरीच्या पुस्तकात इसा असते आणि सत्त्याऐंशी म्हणणारा अंगठे धरून उभा असता.

फ्रेंच आमच्या भागात अगदीच परकं होतं असंही नाही. कोलाडहून रोह्याकडे वाहणारी आमची कुंडलिका रेवदंड्याला समुद्राला मिळते. त्याच भागातल्या चौलच्या बंदरावर १७७७ साली सँ-ल्युबँ नावाचा फ्रेंच माणूस उतरला आणि फ्रान्सच्या राजाचा वकील म्हणून पुण्याला गेला. नाना फडणिसांनी त्याचं स्वागत केलं, इंग्रजांच्या पोटात गोळा आला. पुढे त्याच्या शब्दामागे फारसं बळ नाही हे उघड झालं. खाडीच्या पलीकडे कोर्लईत तर फ्रेंचची चुलतबहीण अजून राहते. पोर्तुगीज १७४० साली चौल सोडून गेले, पण कोर्लईतली काही कुटुंबं आजही घरात पोर्तुगीजपासून घडलेली बोली बोलतात आणि तिला म्हणतात ‘नौ लिंग’, आपली भाषा. माझ्या घरापासून काही तासांवर हे सगळं होतं. मी मात्र घाट चढून पुण्याला गेलो होतो.

उलट दिशेने आलेली माणसंही मला फ्रेंचमुळेच भेटली. गी देलरी यांनी तुकारामाचे अभंग फ्रेंचमध्ये नेले, तेही १९५६ सालीच. शार्लोत व्होदव्हिल यांनी हरिपाठ नेला. आणि गी प्वातव्हँ १९७२ साली पुण्याला आले ते इथलेच झाले, भारताचं नागरिकत्व घेतलं. हेमा राईरकरांच्या सोबतीने त्यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून अधिक. ज्या बायकांचं बोलणं आम्ही शाळेत जाऊन दुरुस्त करत होतो, त्यांच्या तोंडचं ते उतरवून घेत होते. तेव्हा आमचंही जातं ओटीवर होतं. मी त्याच्यावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधायचो.

वर्षअखेर तोंडी परीक्षा झाली. घरच्यांबद्दल सांगा म्हणाले. पॅरिसचा भाऊ मी तिथल्या तिथे रद्द केला आणि आजीविषयी बोललो. फ्रेंचमध्ये वय ‘असत’ नाही, ते जवळ ‘बाळगायचं’ असतं. मला अमुक वर्षं आहेत, असं. मी म्हणालो, माझी आजी खांबला असते, ती पापड करते, तिच्यापाशी चार वीस वर्षं आहेत. कात्र-व्हँ-झाँ. हे एकच वाक्य वर्षभरात मी मनात भाषांतर न करता बोललो.

सुट्टीत गेलो तेव्हा आजी पापड भरत होती. मी शेजारी बसलो आणि मोठ्याने मोजायला लागलो, एक इसा, दोन इसा. तिने संशयाने पाहिलं. मी सांगितलं, की फ्रान्स नावाच्या देशात, राजधानीत, मोठमोठे साहेब असंच मोजतात. मी तेच शिकायला गेलो होतो. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग चौथा चिंचोका बाजूला ठेवत म्हणाली, “आपलंच हाय त. मंग पैसं कशाला भरलंस?”

ब्लॉकचं पुस्तक मी अजून शब्दकोश मांडीवर घेऊन वाचतो. पानाला एक संध्याकाळ जाते. आजी गेली त्याला आता काही वर्षं झाली. पत्र्याचा डबा माळ्यावर आहे, आणि घरात इसांनी मोजणारा मी एकटा उरलोय. साठपर्यंत सरळ जातो. सत्तरच्या पुढे अडखळलो, तर आधी फ्रेंच आठवावं लागतं, मग आजी आठवते.